पडदा

दोन क्रेडिट पॉइंट होते, म्हणून गेलो.
वर्धा रोडचं हॉटेल, रविवार, ऑक्टोबरातलं ऊन,
गाड्यांच्या रांगेत माझ्या स्कूटरला जागा मिळेना.
सही केली, पिशवी घेतली; पिशवीत पेन, वही
आणि शुगरच्या गोळीचं गुळगुळीत पत्रक.
जेवण दीडला होतं. मी साडेबारापासून घड्याळ बघत होतो.

बोलत होती मेडिकलची एक मुलगी,
माझ्या धाकटीहून लहान. आवाज चिरका, माइक लांब.
पांढऱ्या पडद्यावर तिनं कुणाची तरी कंबर दाखवली,
नाडीच्या वळाखाली काळी खपली,
बिडीचा चटका दिल्यासारखी.
"दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट सांगत नाहीत.
गवतातला किडा. काखेत बघा, जांघेत, छातीखाली.
कपडे न काढता ताप तपासू नका, सर."
सर ती सगळ्यांनाच म्हणाली.
मला ते नावानिशी ऐकू आलं.

दुरपता कुंभलकर. सप्टेंबर, तापाचा पाचवा दिवस.
ती म्हणाली होती, कंबरेपाशी काईतरी चावलं जी.
मी चिठ्ठीवरून मान वर केली नव्हती.
मलम लाव म्हणालो. विडाल लिहिली, सलाईन लावलं,
आठव्या दिवशी धाप लागली तेव्हा मेडिकलला पाठवली.
नंतर कागद न्यायला तिचा मुलगा आला, डोकं भादरलेलं.
"तुमी तं लई केलं, डॉक्टरसाहेब," म्हणाला.

त्या दुपारी जेवलो नाही.
म्हणजे जेवलो, पण ताटात काय होतं आठवत नाही.

सोमवारी इतवारीतून अडीच मीटर हिरवं कापड आणलं.
एकतीस वर्षांच्या दवाखान्यात पडदाच नव्हता:
टेबल, स्टूल, आणि बाकावरून सगळ्यांना दिसणारा मी.
गुलाबनं खिळे ठोकले, पितळी कड्या ओवल्या.
त्याची बहीण शेवंता सहा ते नऊ येऊ लागली,
बायांसोबत आत उभी राहायला.
साठाचे चाळीस झाले. बाक कुरकुरला:
"तापच तं हाय, कपडे काहून काढा लागते?"
दोघं-तिघं पलीकडच्या गल्लीत जाऊ लागले,
तिथे एकजण दारातूनच सुई देतो.

तीन आठवडे खपली सापडली नाही.
सापडलं भलतंच.
नायटे. घामोळं. ताईताखाली चिघळलेली जखम.
सर्दीचं औषध मागायला आलेल्या मास्तरीणबाईंच्या पाठीवर
पट्ट्याचा वळ, बक्कलसकट.
शेवंता त्यांचा हात धरून बराच वेळ उभी होती,
आणि मला, एवढ्या वर्षांच्या डॉक्टरला,
पुढे काय विचारायचं ते येत नव्हतं.
त्याचं लेक्चर कुठे असतं?

मग तानेश्वरी उईके, गोरेवाड्याकडे गवत कापणारी.
डाव्या काखेत, केसांआड.
काळी, कोरडी, भोवती लाल कड.
मी इतका वेळ बघत राहिलो की ती घाबरली.
डॉक्सीच्या गोळ्या दिल्या, दोन प्लेट समोशांहून स्वस्त.
तिसऱ्या दिवशी दाखवायला ये म्हटलं होतं. आली नाही.
आठवड्यानं गुलाबला रस्त्यात दिसली, डोक्यावर भारा.
बरी झालेली माणसं कळवायला येत नाहीत.

सर्टिफिकेट ड्रॉवरमध्ये आहे, सोनेरी कडेचं,
माझ्या नावात एक अक्षर चुकलेलं.

परवा दुरपताचा मुलगा आला, खोकला घेऊन.
"पडदा कवा लावला जी?"
"ऑक्टोबरात."
"बेस केलं. बायांले बरं पडते."
आणि मी सांगण्याआधीच आत जाऊन
शर्टाची बटणं सोडू लागला.
मी बाहेर उभा, स्टेथोस्कोप हातात,
कड्यांचा आवाज थांबेपर्यंत.